कुलपाआडचा भाता

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितो, कारण घरात सांगायची छाती होत नाही.

आम्ही तेर गावचे लोहार. निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. आबा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळलेले. धाकटा भाऊ निवृत्ती बार्शीला, इंग्रजी हद्दीत. भट्टी कुणाची यावरून मीच त्याला घरातून घालवलं होतं. आबा रोज विचारत, "निवृत्ती आला का?" मी म्हणे, "सांगावा धाडलाय." धाडला नव्हता.

शेवटच्या दिवशी सकाळपासून त्यांचा श्वास बदलला. चार-पाच मोठे, मग लहान लहान होत गेलेले... आणि मग काहीच नाही. मी तुळशीपत्र हातात घ्यावं, तोच छाती पुन्हा उचलायची. शेजारचे हुसेनभाई, बैलांना नाल मारणारे, उशाशी बसले होते.

"आबा, किती भिववता? जायचं तर जा, न्हायतर उठून चहा घ्या."

आबा किंचित हसले. "धाकटा येऊ दे."

दुपारी परसातल्या भट्टीच्या खोलीतून भात्याचा आवाज आला. लांब ओढ... थांबा... पुन्हा ओढ. आबा अंथरुणाला खिळल्यापासून खोलीला दीड महिना कुलूप, किल्ली माझ्या करदोट्याला. माझी ओढ तोकडी, घाईची. ही निवृत्तीची होती.

"कोण वढतंय रं?" हुसेनभाई म्हणाले.

आबांचा तुटका श्वास त्या ओढीबरोबर चालू लागला, एकसारखा झाला. "आला बघ... दार उघड त्याला."

मी उठलो नाही. भुताला नव्हतो भ्यालो – तो खरंच आत असेल तर माझं खोटं उघडं पडेल, याला भ्यालो.

"उघड की रं..."

मी त्यांचे पाय धरून बसून राहिलो. भाता थांबला. आबांची छातीही थांबली, आणि या वेळी उचलली नाही.

हुसेनभाईंनी किल्ली घेऊन कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. भट्टीत गार राख. पण भात्याचं फुगलेलं चामडं हळूहळू खाली बसत होतं...

हुसेनभाईंनी निरोप धाडला, तेव्हा तिसऱ्या दिवशी निवृत्ती आला. "दादा, आबांनी माझं नाव काढलं व्हतं का?"

"न्हाय," मी म्हणालो. हुसेनभाई समोरच होते. ते उठून बाहेर गेले.

काय घडलं ते मला आजही कळलेलं नाही. हुसेनभाई म्हणतात वारा असेल, पण म्हणताना माझ्याकडं बघत नाहीत. भट्टी आता आम्ही दोघं भाऊ चालवतो. भाता निवृत्तीच ओढतो. त्याची ओढ मध्ये थांबली की माझा घण वरच राहतो – ती पुन्हा सुरू होईस्तोवर मला श्वास घेता येत नाही.