लाइट नसताना बोललेली बाई

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते. वाचून झाले की मनातल्या मनात त्यांची कारणं काढते – वारा असेल, उंदीर असेल, अंगात ताप असेल... बहुतेक वेळा निघतात. माझं कामच ते आहे. मानकोलीच्या एका गोदामात मी स्टॉक तपासते. कागदावर चाळीस खोकी आणि रॅकवर एकोणचाळीस असं दिसलं की चाळिसावं सापडेपर्यंत मी घरी जात नाही. संकेत, आत्मे, अंगात येणं यातलं काहीही मी मानत नव्हते, आणि आता मानायला लागले असंही नाही. पण एक फरक माझ्याकडून अजून जुळलेला नाही. तो इथे मांडते.

माझी आई बहात्तर वर्षांची. भिवंडीत धामणकर नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर एका बैठ्या चाळीत एकटी राहते. चाळीच्या मागच्या भिंतीला लागूनच पॉवरलूमचा कारखाना आहे. त्याच कारखान्यात आईने अठ्ठावीस वर्षं कांड्या भरल्या, म्हणजे लूमला लागणारं सूत गुंडाळून दिलं. त्यात तिचे कान निम्मे गेले. लूम चालू असताना चाळीत शेजारच्या खोलीतलं बोलणं सोडाच, दारावरची थापही ऐकू येत नाही. म्हणून आई आणि भिंतीपलीकडची हाजराखाला यांची जुनी पद्धत होती – बत्ता भिंतीवर आपटायचा. आवाज नाही कळला तरी हादरा कळतो. दुपारी दीडला आईचा एक ठोका : जेवायला बसले. खालाचा उलटा ठोका : मीपण. तीन ठोके म्हणजे ये.

बाबा गेल्यावर आईने कल्याणला माझ्याकडे यावं असं मी सहा वर्षं म्हणत होते. तिला शुगर आहे, प्रेशर आहे, गोळ्या विसरते. ती येत नव्हती. शेवटी गेल्या वर्षी आमचा करार झाला. घरात बोलणारा स्मार्ट स्पीकर बसवायचा, तीन महिने बघायचं. सगळं सुरळीत चाललं तर ती भिवंडीतच राहील. नाही चाललं तर सामान बांधायचं, वाद घालायचा नाही. आईने मान्य केलं, आणि आई शब्द पाळते.

मी वहीत यादी केली. एकूण अकरा मुद्दे. स्पीकर कुठे ठेवायचा, कोणत्या गोळीची आठवण किती वाजता, ‘वैशालीला फोन लाव’ कसं म्हणायचं वगैरे. सातव्या मुद्द्यावर फक्त एवढंच लिहिलं होतं : ‘लाइट गेल्यास –’. पुढची जागा नंतर भरू म्हणून सोडली. आठवा मुद्दा : ‘बत्ता बंद.’

“बत्त्यानं तुझं काय घोडं मारलं?” आईने विचारलं.

“दोन पद्धती असल्या की गोंधळ होतो. तुला वाटणार खालाचं लक्ष आहे, खालाला वाटणार मशीनचं आहे. एकच ठेवायची.”

“मशीन काय भितीपल्याड जाऊन सांगनार हाय, सुमन पडली म्हनून?”

हाजराखाला दारातच उभी होती. “जाऊ दे सुमन. पोरगी साहेब झाली तुझी. माझा नंबर कितवा गं लिस्टमध्ये?”

“चौथा. जादा चावी तुमच्याकडे.”

“चौथा... आन् मशीन?”

“पहिलं.”

“चाळीस वर्षं शेजार केला,” खाला आईला म्हणाली, “आन् पंखा बसवतात तशी एक डबी बसवली, ती पहिली.”

त्या यंत्राला मराठी नीट जमत नव्हतं, म्हणून आठवणी मी हिंदीत भरल्या. आई त्याला ‘बाई’ म्हणायला लागली. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने ती डबी उत्तम चालली. एकही गोळी चुकली नाही. सकाळी आई वार विचारायची, भीमगीतं लावायला सांगायची, कुकर लावला की वेळ लावायला सांगायची. डोळ्यांना कमी दिसत असल्याने फोनची बटणं शोधायला तिला त्रास व्हायचा, तो संपला. आवाज आम्ही पूर्ण मोठा ठेवला होता. “हिंदी बोलते, पन मानूस चांगली हाय,” हे आईचं प्रमाणपत्र.

शुक्रवारी लूमना सुट्टी असते. चाळ शांत असते, त्यामुळे त्या दिवशी खालाला भिंतीपलीकडचं ऐकू यायचं. ती मला म्हणाली होती, “दोन वाजता मी कान लावूनच बसते. ती म्हनते, आई, दो बजे की गोली. सुमन म्हनते, घेते गं सटवे, जीव नको खाऊ. मला दुसरी करमनूक नको.” हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता तो बुधवार.

त्याच्या आधी, रविवारी मी आईकडे गेले तेव्हा कळलं की ती दुपारची गोळी कधीकधी जेवणाआधीच घेते. ते बरोबर नव्हतं. मंगळवारी अडीचच्या सुमारास, म्हणजे त्या दिवशीची दोनची आठवण होऊन गेल्यावर, मी मानकोलीच्या कँटीनमध्ये बसून फोनवरून तिचे शब्द बदलले. नवीन वाक्य असं : ‘आई, पहले दो निवाले खाओ, फिर गोली.’ हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. ते वाक्य पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं जाणार होतं बुधवारी दोन वाजता.

बुधवारी पौर्णिमा होती. माझ्या यादीत वार होते, तारखा होत्या, पौर्णिमा नव्हती. आई पौर्णिमेला उपोसथ करते – पांढरी साडी नेसायची, विहारात अष्टशील घ्यायचं आणि दुपारी बारानंतर जेवायचं नाही. डॉक्टरांनी मनाई केल्यावर तिने ते सोडलं अशी माझी समजूत होती. तिने फक्त मला सांगणं सोडलं होतं. त्या दिवशी सकाळी शुगरची गोळी आणि चहा-बटर घेऊन ती विहारात गेली. वंदना लांबली, परत यायला साडेबारा झाले. बारा टळले म्हणून ती जेवलीच नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली.

मला फोन आला अडीचला, खालाच्या सुनेच्या मोबाइलवरून; बोलत होती खाला. “वैशाली, घाबरू नको. सुमनला दवाखान्यात आनलीय. बोलतेय आता.”

मी पोचले तेव्हा आईला सलाइन लावलं होतं आणि ती नर्सला साडीवरचा डाग दाखवत होती. साखर फार खाली गेली होती. मोरीशी पाणी प्यायला उठली आणि तिथेच खाली बसली, पुढचं तिला आठवत नाही. खालाला ती घामाने भिजलेली, डोळे अर्धे मिटलेली सापडली. गिळता येतंय बघून खालाने चमच्याचमच्याने साखरेचं पाणी पाजलं, मग रिक्षा. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर तशीच राहिली असती तर सांगता आलं नसतं.

मी खालाला बाहेर बाकावर बसवलं आणि विचारलं, “तुम्हाला कळलं कसं?”

“कळलं म्हंजे? तुझी बाई बोलली ना. दोनला. आन् सुमन काय बोललीच नाय.”

“मग?”

“मग काय, बाई परत बोलली. तीनदा, चारदा... मी वाट बघतेय, आता सुमन शिवी देनार. नाय दिली. मी तीन ठोके मारले. तू बंद केलेस तरी मारले. जवाब नाय. मग चावी घेऊन गेले.”

“तुम्ही आत गेलात तेव्हा बाई बोलत होती?”

“नाय. चूप होती.”

इथपर्यंत मला काहीच वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं – पद्धत चालली. मी वही काढून वेळ लिहायला लागले. खाला शेजारून म्हणाली, “पन आज काय नवीन बोलत होती गं? दो निवाले खाओ, फिर गोली. पहिले तर असं नव्हती बोलत.”

मी ‘हो, मी बदललं’ म्हणाले आणि लिहीत राहिले. मग सहज विचारलं, “एवढ्या लूमच्या आवाजात तुम्हाला भिंतीपलीकडून ऐकू आलं?”

“लूम कुठं चालू होते? लाइट गेली होती ना.”

माझं पेन तिथे थांबलं.

त्यानंतरच्या चार दिवसांत मी जे तपासलं ते असं. कारखान्यात मुकादम फळ्यावर बंद-चालूची वेळ लिहितो, कारण त्यावर शिफ्टचा हिशेब असतो. त्यावर खडूने लिहिलं होतं : बंद १.१०, चालू ३.३५. फोटो माझ्याकडे आहे. अ‍ॅपमध्ये स्पीकर त्याच वेळेपासून ऑफलाइन दिसत होता. दोनची आठवण ‘दिली नाही’ अशी नोंद होती. स्पीकरला बॅटरी नाही. मी स्वतः प्लग काढून बघितला, त्याच क्षणी दिवा विझतो आणि आवाज बंद. वायफायचा डबाही लाइटवरच. घरात इन्व्हर्टर नाही, कारखान्याच्या ऑफिसपुरत्या छोट्या जनरेटरची वायर कुठूनही येत नाही – चाळीतल्या वायरमनकडून प्रत्येक खोली तपासून घेतली. आईचा फोन बटणांचा, आणि तो त्या वेळी कपाटात होता.

खालाला भास झाला असेल, हे कारण मी सगळ्यात आधी काढलं होतं. दोन वाजले, सवयीने कानात शब्द आले. पण सवयीने जुने शब्द यायला हवे होते. नवे शब्द माझ्या फोनबाहेर कोणी ऐकलेच नव्हते.

म्हणजे हिशेब असा होतो. लूम बंद होते म्हणून खालाला ऐकू आलं. लूम बंद होते कारण लाइट नव्हती. आणि लाइट नव्हती तर बाई बोलू शकत नव्हती. मी हे उलटसुलट करून पाहिलं आहे. जुळत नाही.

खालाला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मला नको समजवू. मी ऐकलं, मी गेले. तुझ्या डबीला करंट कुठून आला ते तू बघ.”

राहिला करार. तीन महिने संपायला पंधरा दिवस होते. दवाखान्यातून घरी आणल्यावर आईने स्वतःहून ट्रंक बाहेर काढली आणि खाटेवर बसली. शब्द दिला होता ना.

“सांग,” ती म्हणाली. “पास का नापास?”

मी वही उघडली. लाइट गेल्यावर यंत्र बंद पडलं, म्हणजे नापास, आईने निघायचं. यंत्राने हाक मारली म्हणून आई वाचली, म्हणजे पास, आईने राहायचं. दोन्हीचे पुरावे माझ्याकडे होते, आणि एक खरा मानला तर दुसरा खोटा ठरत होता. तिने ट्रंकेचं झाकण धरून ठेवलं होतं.

“उपोसथ लपवलास,” मी म्हणाले.

“लपवला. तू बत्ता बंद केलास.”

ते खरं होतं. मी वहीतला आठवा मुद्दा खोडला. सातव्यापुढे लिहिलं : ‘लाइट गेल्यास – बत्ता. लाइट असली तरी बत्ता.’ खालाचा नंबर पहिला केला. शेवटच्या पानावर सगळ्या पौर्णिमा लिहिल्या आणि त्या दिवशी अकराला मी फोन करून जेवली का विचारायचं, असं आईकडून कबूल करून घेतलं. मग ट्रंक मीच उचलून खाटेखाली सरकवली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. आई तिथेच आहे. बाई रोज दोनला बोलते, आई रोज तिला शिवी देते. लाइट तेव्हापासून बऱ्याचदा गेली. प्रत्येक वेळी बाई गप्प राहिली, जशी राहायला हवी तशी. मात्र आता दीडला ठोका आलेला असतो.

वहीत त्या पानाच्या खाली निकालाचा रकाना आहे – पास किंवा नापास. बाकी सगळे रकाने भरलेले आहेत. तो मी अजून भरलेला नाही.