आवडाबाईचा गणपती

आवडाबाई माझी शेजारीण. अगदी गरीब गाय. भाताच्या खाचरात कंबर मोडेस्तोवर राबेल, पण कुणी ताटातलं ओढून नेलं तरी तोंडातून ब्र काढायची नाही. मला तिचा भारी राग यायचा. अजून येतो.

नवरा गेला, पोटी मूल नाही. आपलं म्हणावं असं घरात एकच उरलं होतं, गणपती. त्यांच्या घराण्याचा गणपती पहिल्यापासून तिच्या थोरल्या घरात बसायचा. धाकटा दीर अंबाजी खालच्या आळीत नवं घर बांधून राहिला होता, तरी चतुर्थीला बायकापोरांसकट इथंच. तेवढे दिवस आवडाबाईच्या घरात माणूस मावायचं नाही. एरवी तिथं चूल पेटली काय आणि न पेटली काय.

नवऱ्याचं वर्ष सरलं तसा अंबाजी म्हणाला, "वैनी, मूर्ती आनायला आता तुमच्याकडं गडी कोन हाय? गणपती माज्याकडं बसवू."

आवडाबाई जन्मात पहिल्यांदा दिराला उलटून बोलली. "मी आनीन."

चार माणसांपुढं ठरलं. तिनं रीतीनं मूर्ती आणली तर गणपती तिच्या घरी. नाही जमलं तर कायमचा अंबाजीकडं.

आता ही रीत काय, ते सांगते. कारखान्यातून मूर्ती उचलली, मोरया म्हटलं, की घरच्या पाटावर बसेपर्यंत ती भुईला, दगडाला, कशालाच टेकवायची नाही. डोक्यावर घ्या, मांडीवर घ्या, पण धरायची घरच्याच माणसानं. मध्ये कुठं टेकली तर गणपती तिथंच बसला. आणि एकदा बसलेल्याला उठवून दुसरीकडं बसवता येत नाही. त्याला बोळवावंच, म्हणजे पाण्यात सोडावंच लागतं.

आमच्या पालीकडून पेण काही जवळ नाही. पण संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, चतुर्थी तोंडावर आली असताना, दत्तात्रेय गुरुजींनी आम्हा म्हाताऱ्यांची सहल काढली. एस.टी.ची खास गाडी. पेणला गणपतीचे कारखाने, बाजार, मग कुड्याची लेणी. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले तरी हातातली छडी सुटली नव्हती. सकाळी पाऊस असा कोसळत होता की ते म्हणाले, "लेणी रद्द. पेण करून सरळ घरी."

ते ऐकूनच आवडाबाईनं मूर्ती उचलली, हे ध्यानात ठेवा.

पेणला आम्ही कारखाने बघितले. शाडूच्या गणपतींच्या रांगाच रांगा, कुणाला डोळे काढले होते, कुणाचे राहिले होते. बाजारात कुणी सुपं घेतली, कुणी लाकडी पोळपाट, मी पापड घेतले. आवडाबाईनं एवढीशी पिवळ्या पितांबराची मूर्ती निवडली. बाईमाणसानं, त्यातून विधवेनं गणपती न्यायचा का, म्हणून मागं दोघी कुजबुजल्या. मी त्यांच्याकडं असं बघितलं की दोघी पापडांचा भाव विचारायला लागल्या. आम्ही मोरया म्हटलं. आवडाबाई मूर्ती छातीशी धरून गाडीत बसली, आणि काय सांगू, तिचं तोंड नव्या नवरीसारखं फुललं होतं.

तेवढ्यात मेलं ऊन पडलं.

"वा! लेणी करूनच जाऊ," गुरुजी म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

मी उठले. "अवो गुरुजी, हिच्या मांडीवर देव हाय! हिला आदी घरी सोडा."

"दोन-चार तासांचा तर प्रश्न आहे, रंगूबाई. बसू द्या की त्यांना मांडीवर घेऊन."

वाकणचा फाटा आला. डावीकडं वळलं की पाली. आवडाबाई अर्धवट उठली, माझ्याकडं बघितलं, गुरुजींकडं बघितलं, आणि खाली बसली. गाडी सरळ निघून गेली. "बोल की गं!" मी तिला चिमटा काढला. ती म्हणाली, "येवड्या लोकांची हौस कशाला मोडू?"

कुड्याला रस्ता सगळा चिखल. गाडी रुतेल म्हणून ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरवलं आणि गाडी वळवायला पुढं नेली. आम्ही डोंगर चढलो. आवडाबाई पायथ्याला धोंड्यावर बसली, मूर्ती मांडीवर, वर पदर. लेणी बघून म्हातारे म्हणाले, पांडवांचं काम. गुरुजी म्हणाले, बुद्धाची लेणी आहेत. तरी सगळ्यांनी हात जोडले. खाली खाडी चकाकत होती. माझं काही लक्ष लागलं नाही.

उतरताना गुरुजी सगळ्यांत पुढं, मी त्यांच्या मागं. शेवटच्या उतारावर शेवाळावरून त्यांचा पाय सटकला आणि ते थेट आवडाबाईच्या धोंड्याजवळच्या वहाळाकडं घसरत गेले. वहाळ पुरानं फुगलेला. मी नुसती ओरडले. माझ्या हातून दुसरं काय होणार होतं?

आवडाबाईनं मूर्ती धोंड्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी गुरुजींचा कोट धरला. मी पोचेपर्यंत धरून राहिली. दोघींनी त्यांना ओढून वर घेतलं.

मग तिनं मागं वळून बघितलं. मूर्ती धोंड्यावर होती. साधा ओरखडाही नव्हता.

"उचल," मी म्हटलं. "कुनी बगितलं न्हाय."

गुरुजी अजून चिखलातच बसून होते. "मीही काही पाहिलं नाही," ते म्हणाले. तिनं मूर्ती उचलली.

गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. थोरल्या घरी अंबाजीनंच पाट मांडला होता, मखर सजवलं होतं. त्याच्या बायकोनं तांब्या आणला. दारात पायावर पाणी घालायच्या आधी घरच्या कर्त्यानं विचारायचं असतं. अंबाजीनं विचारलं, "देव वाटंत कुटं टेकला न्हाय ना?"

"न्हाय!" मीच ओरडले.

"रंगूबाई, वैनींना बोलू द्या."

गुरुजी पुढं झाले. "मी साक्षीला आहे, अंबाजी. कुठंही टेकला नाही." त्या माणसाला जन्मात खोटं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

मी मनात म्हणत होते, बाई गं, एकदा तरी स्वतःपुरतं बघ. नुसती मान हलव.

"टेकला," आवडाबाई म्हणाली. "कुड्याच्या पायथ्याला."

गुरुजींनी रडत सगळं सांगितलं, हात जोडले. अंबाजीचेही डोळे भरले. तो काही दुष्ट माणूस नव्हे. "पन मी तरी काय करू, वैनी? बसलेल्या देवाला पुन्ना कसा बसवू?"

"तुमचं काय चुकलं?" ती म्हणाली. "चतुर्थीला तुमी दुसरी आना. तुमच्याकडं."

लगेच आंबा नदीवर गेलो. आरती नाही, नैवेद्य नाही. अंबाजी तिच्याबरोबर पाण्यात उतरला. कमरेएवढ्या पाण्यात ती मूर्ती धरून उभी राहिली, ती उभीच. "सोडा, वैनी," तो म्हणाला. तिची बोटं उघडेनात. दिवसभर धरून आखडली होती की काय, देव जाणे. शेवटी अंबाजीनं एकेक बोट सोडवलं.

मूर्ती पाण्याखाली गेली तशी ती वाकून म्हणाली, "जेवलासुदिक न्हाईस रं माज्याकडं."