माझा बायोडाटा कुणाचा?

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये बसून मी युरोपातल्या माणसांचे चेहरे पुसते. त्याचा पगार मिळतो. आर्णीच्या बसमध्ये कुणी विचारलं तर मी ‘कंप्युटरवर असते’ एवढंच सांगते. खरं सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘पुसता कायले वं?’ आणि त्याचं उत्तर मलाच धड येत नाही.

मला समजलंय ते असं. तिकडे कॅमेरे लावलेल्या गाड्या शहरांतून फिरतात आणि रस्त्यांचं चित्रण करतात. बिनड्रायव्हरच्या मोटारींना रस्ता शिकवायला ते वापरतात. पण तिथला कायदा म्हणतो की माणसाचा चेहरा त्या माणसाचाच. म्हणून हे चित्रण एका कंपनीनं दुसरीला देण्याआधी त्यातले चेहरे आणि गाड्यांचे नंबर धूसर करावे लागतात. बरंचसं काम मशीनच करतं, पण काही त्याच्या हातून सुटतात. छत्रीखालची बाई, बापाच्या खांद्यावर बसलेलं लेकरू. ती सुटलेली माणसं आम्ही पुसतो.

आमचा सुपरवायझर नागपूरचा. माझ्याहून लहान आहे, मला ताई म्हणतो. सुरुवातीला त्यानं आम्हाला हा कायदा समजावला होता. तिकडचं सरकार कंपन्यांना म्हणतं, माहितीवर नागोबासारखं बसून राहू नका, एकमेकांना द्या, धंदा वाढू द्या. आणि तेच सरकार असंही म्हणतं, की ज्याची माहिती आहे त्याचा हक्क सांभाळल्याशिवाय देऊ नका.

‘मंग नेमकं द्याचं का नाई द्याचं?’ मी विचारलं.

‘दोन्ही, ताई.’

माझी आत्या ताटात आग्रहानं पुरी वाढते आणि वर ‘जाड होऊन राह्यली तू’ असंही म्हणते. हा कायदा मला त्याच जातीचा वाटला. काम मात्र सोपं होतं. चेहरा दिसला की पुसायचा.

घोळ सुरू झाला तो एका बाईपायी. एके दिवशी सुपरवायझर घाईघाईनं आला आणि म्हणाला, एका शहरातल्या अमुक चौकातलं चित्रण सगळ्यांनी आपापल्या मशीनवरून काढून टाका, जिथं जिथं प्रत ठेवली असेल तिथून काढा, आणि काढलं असं मला लिहून द्या. का, तर त्या चौकात उभ्या असलेल्या एका बाईनं कंपनीला कळवलं होतं की मला यात राहायचं नाही.

ती मला आठवत होती. भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला उभी होती, कपाळाला आठ्या. तिचा चेहरा मीच पुसला होता.

‘अरे, पण तिचा चेहरा तर पुसला ना आपण?’

‘तरी तिले नाई पायजे, ताई. तिची मर्जी.’

एका बाईची मर्जी. ती तिथं बसून एक ओळ लिहिते आणि इथं लोहाऱ्यात आम्ही सगळे हातातलं काम टाकून तिला शोधत बसतो. तिनं कारणसुद्धा दिलं नव्हतं. मला तिचा राग आला. परतीच्या बसमध्ये कळलं की तो राग नव्हता, निव्वळ हेवा होता.

कारण आर्णीत माझा बायोडाटा फिरत होता.

माझं लग्न झालं होतं आणि मोडलं. का मोडलं ते इथं सांगणार नाही. कोर्टाचे कागदही केव्हाच झाले आणि मी आईबाबांकडे परत आले. पण लग्नाआधी बाबांनी हौसेनं करून घेतलेला बायोडाटा समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अजून जिवंत होता. वर गणपती, भोवती गुलाबाची वेल. वर्ण गोरा, जो माझा कधीच नव्हता. रास, शिक्षण, मामाचं कूळ, खाली बाबांचा मोबाइल नंबर. फोटो चुलतबहिणीच्या लग्नातला, तिचीच पैठणी नेसलेला. आणि त्यात ठळक अक्षरांत, अविवाहित.

बाबांचं आर्णीत पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. तिथं फोन यायचे, ‘पोरगी हाये ना जी तुमच्याकडं?’ बाबा फोन घेऊन पाइपांच्या थप्पीमागं जायचे. थोडा वेळ बोलायचे. परत आले की चेहरा उतरलेला असायचा आणि त्या दिवशी जेवताना भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवायचे. ते तिथं काय सांगत असतील हे मला माहीत होतं. झालं होतं जी, मोडलं. अनोळखी माणसांना, पुन्हा पुन्हा. माझ्या लग्नाचं मला जेवढं वाईट वाटलं नाही तेवढं त्या थप्पीमागच्या बोलण्याचं वाटायचं. हे फोन बंद व्हायला हवेत, एवढंच मला पाहिजे होतं.

म्हणून त्या पिशवीवाल्या बाईच्या जोरावर मी वणीला काकांना फोन लावला. हे बाबांचे चुलतभाऊ, समाजाच्या बहुतेक ग्रुपांचे कर्तेधर्ते. म्हटलं, काका, माझा बायोडाटा काढून टाका.

‘जमलं का?’ काका खूश.

‘नाही.’

‘मंग कायले काढाचा? जमलं म्हंजे आम्ही अभिनंदन टाकतो, मंग काढतो. तसाच नेम हाये आपला.’

म्हणजे ग्रुपावरून सुटायचं तर एकच वाट, पुन्हा बोहल्यावर चढा. मी म्हटलं, ‘काका, ती माहिती माझी आहे. मला नको आहे, एवढं कारण पुरे.’ हे बोलताना मला आतून फार बरं वाटत होतं. काका म्हणाले, ‘बरं बाप्पा, करतो बंदोबस्त.’

बंदोबस्त त्यांनी चोख केला. दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपांवर सूचना आली: खालील मुलीचा बायोडाटा कृपया कोणीही पुढे पाठवू नये. आणि खाली, लोकांना नेमकी कोणती मुलगी ते कळावं म्हणून, माझा बायोडाटा. गणपती, गुलाब, पैठणी, सगळं. ज्या ग्रुपांवर मी नव्हते तिथंही पोहोचले. फोन दुप्पट झाले. सूचना आहे म्हणजे पोरीत काहीतरी खास असावं असं लोकांना वाटलं असणार.

मी चिडून सुपरवायझरला सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग माझं तोंड बघून सावरला. म्हणाला, ‘ताई, आता आपल्याकडं बी असा कायदा आला म्हणतात. पण घरगुती गोष्टीले तो लागत नाई. युरोपात बी नाई लागत. घरच्या माणसानं घरच्या कामाले माहिती वापरली तर कायदा दारातच थांबते.’

‘आणि ग्रुप घरात येतो का बाहेर?’

‘ते मले बी नाई समजलं,’ तो म्हणाला.

मग मात्र मी पार गोंधळले. परक्या कंपनीनं चौकात फोटो काढला तर माझा चेहरा माझा, आणि काकांनी जिल्हाभर वाटला तर तो कुणाचा? त्या दिवशी माझ्या हातून चित्रणातल्या एका कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्याचा चेहरा पुसला गेला.

रविवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले होते, आई दूध आणायला. स्टुलावर बाबांचा फोन वाजला. मी उचलला. दिग्रसची एक बाई होती. मी बोलतेय हे कळल्यावर तिचा आवाज खुललाच.

‘तूच का वं ती? आवाज किती गोड हाये तुहा! फोटो तं सगळ्याइले आवडला आमच्या घरी.’

मी विचारलं, कुठल्या ग्रुपावर पाहिला?

‘ग्रुपावर नाई, बाई. तुह्या बाबानंच पाठवला ना मांगच्या हप्त्यात, याच नंबरावरून.’

बाबा थोड्या वेळात येतील, मग करा, असं म्हणून मी ठेवला. मग जे मी कधी केलं नव्हतं ते केलं, बाबांचा फोन उघडला. मागच्या आठवड्यात दिग्रस. त्याआधी पुसद. त्याआधी दारव्हा, घाटंजी, माहूर. वर वर बोट सरकवत गेले आणि तोच गणपती, तोच गुलाब. काकांना मी उगाच बोल लावला होता.

बाबा केस पुसत बाहेर आले. माझ्या हातात फोन पाहिला आणि उभेच राहिले.

‘हाव, मीच पाठवतो,’ म्हणाले.

‘बाबा, काहून? माझी परवानगी नको?’ माझा आवाज चढला होता. ‘आणि अविवाहित? ते तरी खरं लिहायचं!’

बाबा खाली बसले. ‘गेलतो ना माय, नवा कराले. यवतमाळले, कोनी ओयखीचं नसन तिथं. टायपिंगवाल्यानं इचारलं, काका, इथं काय लिहू? माह्या तोंडातून तो शब्द निघेचना. वापस आलो.’

‘मग फोनवर तेच सांगावं लागतं ना तुम्हाला?’

‘सांगतो ना. पहिलेच सांगतो, कोनाले फसवत नाई मी. पन कागदावर लिहिलं तं फोनच नाई येनार, माय. असं पाठवलं तं फोन तरी येते. मंग मी सांगतो. एखादा तरी नाई ठेवनार फोन.’

रागही गेला नव्हता आणि रडूही येत होतं.

‘मला नको आहे बाबा,’ मी म्हटलं.

‘मंग काढ. तूच काढ. माह्यानं नाई होत.’

मी एकेक बायोडाटा धरून काढायला लागले. जुने झालेले, म्हणून फोन एकच पर्याय देत होता, फक्त तुमच्यासाठी काढा. म्हणजे दिग्रसला मी राहणार, पुसदला राहणार, माहूरला राहणार. फक्त बाबांच्या फोनमधून जाणार. मी बोट तसंच धरून बसले.

तेवढ्यात फोन वाजला. दिग्रसचा. बाबांनी सवयीनं हात पुढे केला आणि उठायला लागले. घरात थप्पी नव्हती, ते मागच्या अंगणाकडे निघाले होते. मी फोन दिला नाही.

‘आले का वं बाबा?’ बाई हसत होती.

‘मावशी, माझं लग्न झालं होतं,’ मी म्हटलं. ‘मोडलं. घटस्फोट झालाय.’

हे मी आजवर कुणालाच माझ्या तोंडानं सांगितलं नव्हतं. दर वेळी बाबाच सांगत आले होते. पलीकडे कुणीतरी चहाला हाक मारल्याचं ऐकू आलं. मग फोन कट झाला.

‘ठेवला?’ बाबांनी विचारलं.

‘ठेवला.’

त्यांनी पुन्हा हात पुढे केला. मी म्हटलं, ‘राहू द्या बाबा. पुढचा बी मीच घेते.’