रस्त्याकडची अश्वगंधा

सुट्टीत लोक समुद्र बघायला जातात. मी फेब्रुवारीत आदिलाबादला तहानलेली झाडं बघायला गेले. ताईने मावला गावाजवळच्या शेतात कापूस बंद करून अश्वगंधा लावली होती. यंदा ती धड विकली गेली नाही तर पुन्हा कापूस, असं भाऊजींनी ठणकावलं होतं.

नागपूरहून बस पकडा. पैनगंगा ओलांडली की पाट्या तेलुगू होतात, शिव्या मात्र आपल्याच राहतात. स्टँडवर शेंगदाण्याच्या चटणीशी इडली खा, स्वस्त आहे. पुढे शेअर ऑटो. त्यात किती माणसं बसतात, हे विचारून कुणाचा अपमान करू नका.

शेत पाहून मी चाटच पडले. आतली झाडं खुरटी, रस्त्याकडची मात्र कमरेएवढी. ताई शाळेत विज्ञान शिकवते. तिचं म्हणणं, पाण्याची थोडी ओढ बसली की झाड वाढत नाही, पण तग धरताना मुळात औषध जास्त साठवतं. फारच ताणलं तर मरतं. मग रस्त्याकडे हा चमत्कार कसा? ताई बिचारी समजत होती की तिकडे जमिनीतच ओल आहे. मुळं उपटताना भाऊजींनी कबूल केलं, ती शाळेत गेली की ते रस्त्याकडच्या तेवढ्याच ओळींना पाणी सोडत.

"काऊन?" ताईने विचारलं.

"लोक येता-जाता पाहून राह्यले ना. म्हनतीन, मास्तरीणबाईनं पीक वाळवलं."

इज्जतीला ठिबक सिंचन लागतं, ही माहिती मला नवीन होती.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. औषध किती, हे विचारायची या धंद्यात पद्धत नाही, जाडी बघतात. रस्त्याकडची गलेलठ्ठ मुळं त्याने मोडून पाहिली आणि खूश झाला. ताईची बारीक, उग्र वासाची मुळं म्हणजे खराब माल, भाव निम्मा. भाऊजी छाती काढून उभे होते. ताईचं तोंड एवढंसं झालं आणि मला खरंच संताप आला.

निघताना व्यापारी शेठ हळूच म्हणाले, "मैडम, थोड़ा ये पतलावाला अलग बाँध दो. माँ के घुटनों के लिए."

ताईने शांतपणे पोत्याचं तोंड आवळलं. "खराब माल माँ को कैसे खिलाओगे, सेठ?"

शेठनी वहीतला निम्मा भाव खोडला. मग दोन्ही ढिगांना एकच भाव लागला.

आता घरी रोज दुधातून, सोबत आणलेल्या त्या बारीक मुळांची कडू पूड घेते. बॅगेचा वास अजून गेलेला नाही. काल ताईचा फोन आला. पुढच्या वर्षीही अश्वगंधाच. फक्त रस्त्याकडे चार ओळी कापूस, भाऊजींना पाणी द्यायला.