आपल्या अंगावर दाखवू नये

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात फळ्यावर पचनसंस्था काढत होतो. अन्ननलिका झाली होती, जठर अर्धं झालं होतं. तिची मुलगी सुनंदा मुंबईच्या रुग्णालयातून बोलत होती, "मामा, गेली रे..." खडू हातात तसाच राहिला. खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला भीती वाटली. आता सुनंदा विचारणार, याची.

आक्का माझी थोरली बहीण. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत आम्ही वाढलो. एकदा कुणाच्या तरी मांडीत कोयता घुसल्याचं मी धावत येऊन घरी सांगत होतो, नि सांगता सांगता माझ्याच मांडीवर बोट ठेवलं. आक्काने फाडकन हातावर मारलं. "आपल्या अंगावर दाखवू नये रे! तेच दुखणं आपल्याला लागतं. त्या खांबावर दाखव." तेव्हापासून साऱ्या वाडीची दुखणी आमच्या घरात त्या खांबावर दाखवली जायची... डोकं वर, गुडघा खाली.

पुढे मी महाडला विज्ञानशिक्षक झालो आणि ती जवळच्याच नाते गावी नांदायला गेली. बाजाराला आली की एस.टी. सुटेपर्यंत शाळेच्या प्रयोगशाळेत येऊन बसायची. तिथे अवयव काढता-घालता येणारं, डोक्यासकट प्लास्टिकचं मानवी धड आहे. "ह्याच्यावर दाखवायला बरं, ह्याला काय लागत नाय," ती म्हणाली, मग त्याच्या टकलाकडे बघत, "मेला अगदी तुझ्या दाजींसारखा दिसतो. फक्त हा ऐकून घेतो." मी सांगायचो, पेशींच्या ऊती होतात, ऊतींचे अवयव, अवयवांच्या संस्था. "म्हंजे माणसांची घरं, घरांची वाडी, वाड्यांचा गाव," ती म्हणायची. श्वासपटलाच्या वर फुप्फुसं नि हृदय, खाली यकृत, जठर. आणि जठर बाजूला केलं की मागे स्वादुपिंड. "हे नव्या नवरीसारखं मागं का लपलंय?" असं तिने विचारलं होतं.

गेल्या वर्षी गणपतीनंतर आली ती वाळलेली दिसली. "आमच्या शेजारणीला जेवल्यावर हितं दुखतं रे, पार पाठीपर्यंत जातं," म्हणाली आणि तळहात स्वतःच्या पोटावर ठेवला, बेंबीच्या वर. धड तिच्या हाताशीच होतं. मी पाहिलं. मला कळलं. दुसऱ्याचं दुखणं आक्का आपल्या अंगावर कधीच दाखवणार नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आमचे वडील, आबा, असेच पाठीपर्यंत दुखतं म्हणत म्हणत गेले. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, आणि ते हो मला ऐकायचं नव्हतं. "पित्त असेल. तिला डॉक्टरांना दाखवायला सांग," मी म्हणालो. "सांगते," म्हणत तिने हात काढला, पदर सारखा केला. डेपोपर्यंत सोडायला गेलो. वाटभर भातपिकाबद्दल बोललो.

दिवाळीनंतर स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हा दुखणं फार पुढे गेलं होतं. आधी कळून काही फरक पडला असता का? मला माहीत नाही. बाराव्याला सुनंदा रडत होती, "एका घरात राहून मला कसं कळलं नाय?" आणि मी म्हणालो, "कुणालाच कळलं नाय गो." तेव्हापासून ती धड जेवत नाही, दाजी सांगतात. आणि जेवण झालं की माझा हात आपोआप पोटाकडे जातो, चाचपतो...

हे लिहून छापायला देण्याआधी तिला तोंडाने सांगणं भाग होतं. रविवारी तिला प्रयोगशाळेत बोलावलं आणि सगळं सांगितलं. ती माझ्याकडे न बघता धडातलं यकृत काढत-घालत राहिली. मग म्हणाली, "कुठं ठेवला होता हात?"

मी तळहात उचलून माझ्या पोटावर ठेवला, बेंबीच्या वर.

सुनंदाने झटकन माझं मनगट धरलं. "मामा, आपल्या अंगावर नको!" हात ओढून तिने धडाच्या जठरावर नेला, त्या गार प्लास्टिकवर. पण मनगट सोडलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुला दुखतं का रे?"

पित्त असेल, असं अगदी ओठावर आलं होतं.

"दुखतं गो," मी म्हणालो.