शेंदूर फासलेला पंखा

पावलूमामा वाघाला भीत नसे, तुफानाला भीत नसे. भीत असे तो तपकिरी रंगाला. चहासुद्धा दूध ओतून ओतून पांढराफटक करून प्यायचा. "कपात गंज दिसतो रे!" हसू नका. पाचूबंदरच्या आमच्या बर्फाच्या कारखान्यावर वारा असा खारट, की सकाळी खिळा ठोकावा आणि संध्याकाळी त्याचा भुगा झाडून काढावा.

इंजिन मी चालवायचो, पंखा मामाचा. पुरुषभर उंचीचा तो लोखंडी राक्षस बर्फावरचा गार वारा पत्र्याच्या बोगद्यातून मासळीच्या खोलीत ढकलायचा. बोगद्याच्या तोंडाशी सहा बाया मासळी रचत. त्यांत माझी बायको फिलू.

दर शनिवारी मामा पंखा थांबवी, विहिरीच्या गोड्या पाण्याने धुई, खरवडी, गंज धरू नये म्हणून शेंदराचा हात देई आणि वर होडीला लावतात ते मुशी माशाचं तेल चोळी. रविवारी चर्चमध्ये मिसाला जाणारा माणूस, आणि शनिवारी शेंदूर! निर्मळची एक फूलवाली देव समजून पंख्याला झेंडू वाहून गेली. मामाने तो काढला नाही. "राहू दे. घाबरनाऱ्यानं कोनाची मदत नाकारू नये."

मग रोज सकाळी पान्याने एकेक पातं वाजवायचा. "निरोगी पातं बोलतं, कुजलेलं गप बसतं."

एका हंगामात मुंबईचे पाहुणे येणार म्हणून शेठने शनिवार बंद केला आणि न खरवडताच पंख्याला चंदेरी रंग लावून घेतला. मामा म्हणाला, "शेठ, गंजाला गोधडी पांघरलीत. आत ऊब घेऊन पोसेल तो."

दोन महिन्यांनी एका सकाळी पाना वाजला. टण्ण. टण्ण. टण्ण. टण्ण. थप्प.

मामाचा चेहरा चुन्यासारखा झाला. "पाचवं मेलंय. सुटलं तर बोगद्यातून थेट बायांवर जाईल."

"तुम्हाला चहातही गंज दिसतो, मामा," शेठ हसला. "इनास, इंजिन चालू कर!"

माझा हात दांडीवर होता. बोगद्यातून फिलूचं हसणं ऐकू येत होतं. तेवढ्यात मामा पंख्यात चढला आणि पात्यांना पाठ लावून बसला. हिवतापाच्या रोग्यासारखा लटलटत होता. "कर चालू, इनास. पयला मला कापू दे."

मी दांडी सोडली. शेठ शिव्या देत मामाला ओढायला धावला आणि आधारासाठी त्याने पाचवं पातं धरलं. त्याचा अंगठा चंदेरी रंगातून आरपार गेला. खाली तपकिरी भुगा सांडला.

शेठच खोलीकडे पळाला, बायांना बाहेर या म्हणत.

पंख्याला घट्ट धरलेली मामाची बोटं आम्ही एकेक करून सोडवली. दुसऱ्या दिवशी त्याने पाना माझ्या हातात ठेवला. "एक आयकलं. उद्या कान चुकला तर?" आणि समुद्राकडे पाठ करून तो लेकीकडे चांदीपला गेला, तो परत आला नाही.

आता पातं मी वाजवतो, श्वास धरून. घरी फिलू चहा करते. कपात मला काय दिसतं ते मी कधी सांगितलं नाही. कप पांढरा होईपर्यंत तीच दूध ओतत राहते.