पाहुण्यांचा अर्धा ग्लास

पाहुण्यानं घोटभर पिऊन ग्लास खाली ठेवला, की उरलेलं पाणी तुम्ही कुठं ओतता?

आमच्या पाथरीच्या घरात ते मोरीत जायचं. एरवी आई थेंब वाया जाऊ देत नसे. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपडे खंगाळलेलं फरशीला. पिताना ग्लास अर्धाच भरायचा, लागलं तर परत घ्यायचं. उन्हाळ्यात ही शिस्त आणखी कडक व्हायची, कारण नळ कधी येईल याचा भरवसा नसायचा. बाबांचीही एक शिस्त होती, कागदाची. सभांमधून आणलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोघी बहिणींनी गणितं सोडवली, आणि छापील बाजू वाचून भांडायला शिकलो. पण पाहुणा आला की सगळे नियम गुंडाळून ठेवायचे. त्याच्यासमोर काठोकाठ भरलेला ग्लासच जायचा. ती घराची अब्रू होती.

मागच्या उन्हाळ्यात ताईला पाहायला बोरीहून मंडळी आली. मुलगा ताईला आवडला होता, फोनवर बोलणंही झालं होतं. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून बाबा सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. ताई ट्रे घेऊन बाहेर आली. सगळे ग्लास अर्धे होते. मधोमध भरलेला तांब्या.

मुलाच्या वडिलांनी ग्लास उचलून उजेडात धरला.

"पाणी संपलंय का पाव्हणं? का आमाला बघून हात आखडला?"

"लेकरू घाबरलंय हो," बाबा घाईनं म्हणाले. "बाई, भर गं ते ग्लास."

"घाबरले न्हाई, बाबा." ताई जागची हलली नाही. "मामा, एवढं प्या. लागलं तर लगेच देते. नळ येऊन लय दिवस झाले, उरलेलं मोरीत ओतवत न्हाई."

मुलगा सतरंजीकडे बघत बसला. मी मनात म्हणत होते, बोल रे, एक शब्द तरी बोल. बोलली ती त्याची आई.

"खरं हाय पोरीचं. टँकर आला की घागरी घेऊन मी पळते. आन् हे घोटभर पितेत, बाकीचं अंगणात शिंपडतेत!"

आमच्या आईला हसू फुटलं आणि तिथंच बिघडलं. मुलाचे वडील उठले. "चला. उशीर व्हायलाय."

आत पोह्यांच्या भरलेल्या बशा तशाच राहिल्या. मुलाच्या आईनं मात्र आपला ग्लास उभ्यानंच रिकामा केला आणि ताईच्या हातात दिला.

पुढं निरोप आला, जमत नाही. मुलाचा फोनही बंद झाला.

"ग्लास भरून दिला असतास तर आज ठरलं असतं," बाबा म्हणाले.

"आन् जन्मभर तिथं घागरी मी भरल्या असत्या," ताई म्हणाली.

त्यानंतर बाबा तिच्याशी बोलेनात.

जून कोरडा चालला होता, तेव्हा बाबांच्या कचेरीतले साहेब घरी आले. ताई जागची उठली नाही. मी उठले, तर बाबांनी हातानंच थांबवलं आणि स्वतः आत गेले. बाहेर आले ते एका हातात अर्धा ग्लास, दुसऱ्या हातात तांब्या घेऊन. त्यांचा हात कापत होता.

"एवढं घ्या साहेब. लागलं तर देतो."

साहेबांनी ते संपवलं आणि ग्लास पुढं केला. "द्या अजून थोडं. ऊन लय हाय." बाबांनी तांब्यातून ओतलेलं तेही त्यांनी संपवलं.

ताई दारात येऊन उभी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण रिकामा ग्लास तिच्या हातात देताना म्हणाले, "पोहे कर बाई. विचारून वाढ."

अर्धा ग्लास पुढं करताना यजमानाचा हात अजून कापतो. त्या कापण्यामागं मुलीचं स्थळ मोडायची भीतीसुद्धा असते. म्हणून माझं मागणं यजमानाकडे नाही, पाहुण्याकडे आहे. यापुढं कुणाच्या घरी गेलात, की ग्लास भरण्याआधीच सांगा, "अर्धाच द्या." आणि दिलेलं सगळं पिऊन मगच ग्लास खाली ठेवा.